तुकडे क्षेत्रफळासाठी, परिमितीसाठी कडेकडेने चाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सातवीत आहे, सूत्रं तिला पाठ आहेत, सुटा आयत, सुटा त्रिकोण, सुटं वर्तुळ दिलं तर उत्तर बरोबर येतं. पण इंग्रजी ‘एल’सारखी आकृती आली किंवा आयतावर अर्धवर्तुळ बसवलेलं आलं की क्षेत्रफळ कधी बरोबर, कधी चूक, आणि परिमिती तर जवळजवळ दर वेळी चूक. सूत्रं आणखी घोटवून घ्यावीत का आणि रोज किती गणितं द्यावीत, असं तुम्ही विचारलं आहे.

सूत्रं घोटवून फरक पडणार नाही. सुट्या आकृत्या जिला जमतात तिला सूत्रं येतातच. तुम्ही लिहिलेल्यात मला महत्त्वाचं वाटलं ते हे की परिमितीच जास्त चुकते. मुलं क्षेत्रफळाला अवघड समजतात, कारण तिथे गुणाकार असतो. तरी संयुक्त आकृतीत मार बसतो तो साध्या बेरजेत. याचा अर्थ ती क्षेत्रफळाची रीत परिमितीला लावते आहे. आकृतीचे ओळखीचे तुकडे करायचे, प्रत्येकाचं उत्तर काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची, ही रीत क्षेत्रफळाला अगदी योग्य आहे. परिमितीला ती लागू नाही.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते, कारण मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं हा धडा चुकीच्या टोकाने शिकवला. फळ्यावर पहिलं वाक्य लिहायचे: ‘आकृतीचे माहीत असलेल्या आकारांत तुकडे करा.’ खाली दोन्ही गणितं एकाच आकृतीवर, एकाच तुकडेवारीवर. वह्या तपासताना परिमितीची उत्तरं नेहमी थोडी जास्त यायची आणि मी मुलांना ‘नीट बघा’ म्हणायचे. एकदा सगळ्या चुकीच्या उत्तरांतून बरोबर उत्तर वजा करून पाहिलं. जवळपास प्रत्येक वेळी फरक तुकडे पाडणाऱ्या रेघेच्या दुप्पट निघाला. मुलं नीटच बघत होती. माझ्या वाक्याप्रमाणे वागत होती.

हे आकड्यांत पाहू. १० सेमी लांब आणि ८ सेमी रुंद आयत घ्या. लांबी आडवी ठेवा. वरच्या उजव्या कोपऱ्यातून ४ सेमी लांब, ३ सेमी रुंद तुकडा कापून टाका. उरलेल्या ‘एल’च्या बाजू, खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून ओळीने, अशा: १०, ५, ४, ३, ६, ८. बेरीज ३६. ही परिमिती.

आता मुलगी काय करते ते करू. आडवी रेघ मारून दोन आयत केले: खालचा १० बाय ५, वरचा ६ बाय ३. क्षेत्रफळ ५० अधिक १८, म्हणजे ६८ चौ. सेमी. बरोबर. परिमितीही तशीच काढली, ३० अधिक १८, उत्तर ४८. चूक, आणि १२ ने जास्त. तीच आकृती उभ्या रेघेने कापली तर डावा आयत ६ बाय ८, उजवा ४ बाय ५. क्षेत्रफळ ४८ अधिक २०, पुन्हा ६८. परिमिती मात्र २८ अधिक १८, म्हणजे ४६. आता १० ने जास्त. आडव्या कापाची रेघ ६ सेमी होती, दुप्पट १२. उभ्या कापाची ५ सेमी, दुप्पट १०.

ही दोन्ही चुकीची उत्तरं तिच्याकडूनच काढून घ्या आणि शेजारी शेजारी लिहा. मग इतकंच विचारा: ‘आकृती तीच आहे, मग तुझं उत्तर कसं बदललं?’ लगेच समजावून सांगायला जाऊ नका. मिनिटभर शांतता सहन करा. कापाची रेघ कागदावर आपणच मारली आहे, ती आकृतीची कड नाही आणि दोन्ही तुकड्यांनी ती एकेकदा मोजली आहे, हे मूल स्वतः बोललं तर ते पुन्हा शिकवावं लागत नाही. मी सांगितलं तर आठवड्याने पुन्हा सांगावं लागतं.

अजून पटत नसेल तर कागदाचे पाच सारखे चौरस कापा, बाजू १ एकक. सुटे असताना त्यांच्या मिळून २० कडा असतात. एक कड दुसरीला पूर्ण चिकटवून जोडत गेलं की प्रत्येक जोडणीत दोन कडा आत गडप होतात. पाच चौरस सरळ ओळीत लावले तर चार जोडण्या, म्हणजे २० वजा ८, परिमिती १२. अशा जोडणीतून वेगवेगळ्या १२ आकृत्या होतात (फिरवून किंवा उलटून सारख्या होणाऱ्या एकच धरायच्या). क्षेत्रफळ सगळ्यांचं ५. परिमिती अकरा आकृत्यांची १२ आणि एकीची १०. ती एक कोणती आणि तिचीच का वेगळी, हे तिला शोधू द्या. चार चौरसांचा २ बाय २ गठ्ठा ज्या आकृतीत आहे तीच ती, कारण तिथे पाचवी जोडणी होते. यात अर्धा तास जाईल, पण माझ्या अनुभवात याच अर्ध्या तासात मुलांना क्षेत्रफळ आणि परिमिती या दोन स्वतंत्र गोष्टी असल्याचं कळतं.

मग परिमिती काढायची कशी? कडेने चालत. पेन्सिलीचं टोक एका कोपऱ्यावर ठेवायचं, तिथे ठळक ठिपका द्यायचा, एकच दिशा धरायची आणि ठिपक्यावर परत येईपर्यंत पेन्सिल उचलायची नाही. प्रत्येक बाजूवरून गेलं की तिच्यावर बारीक खूण. आणि सुरुवात करण्याआधी बाजू मोजायच्या. ‘एल’ला सहा बाजू आहेत, तर बेरजेत सहाच संख्या हव्यात. गणितात चारच आकडे छापलेले असले की मुलं चारच मिळवून मोकळी होतात, ही चूक या एका सवयीने थांबते.

न दिलेल्या बाजू काढण्यासाठी मी ‘समोरची बाजू वजा कर’ असं सांगणं बंद केलं, कारण आकृती जरा नागमोडी झाली की समोरची कोणती हेच कळत नाही. त्याऐवजी चालण्याचाच विचार पुढे न्यायचा. निघालो तिथेच परत आलो, म्हणजे जितकं उजवीकडे गेलो तितकंच डावीकडे आलो आणि जितकं वर तितकंच खाली. आपल्या ‘एल’मध्ये उजवीकडे १० गेलो, डावीकडे आधी ४ आणि मग ६ आलो. वर आधी ५, मग ३ चढलो, खाली ८ उतरलो. आडव्या-उभ्या बाजूंची कितीही वेडीवाकडी आकृती असली तरी हे चुकत नाही, आणि पडताळाही याच वाटेने होतो.

याच टप्प्यावर तिला एक गोष्ट दाखवा. कापण्याआधी पूर्ण आयताची परिमितीही ३६ च होती. कोपरा कापला, १२ चौ. सेमी कागद गेला, परिमिती मात्र तशीच. आता कोपऱ्याऐवजी वरच्या बाजूच्या मधोमध २ सेमी रुंद, ३ सेमी खोल खाच पाडा. क्षेत्रफळ ८० वजा ६, म्हणजे ७४. परिमिती ४२! खाचेचा तळ वरच्या बाजूतून गेलेल्या २ सेमींची भरपाई करतो आणि दोन उभ्या भिंती ३-३ सेमी नव्याने वाढतात. कागद कमी झाला आणि कड वाढली. ‘जास्त परिमिती म्हणजे जास्त क्षेत्रफळ’ असं अनेक मुलं मनात धरून बसलेली असतात. ते बोलून दाखवत नाहीत, म्हणून ते आपल्याला दुरुस्तही करता येत नाही. हे उदाहरण त्यासाठी ठेवा.

खाच न पाडता तेवढंच भोक मधोमध पाडलं तर? क्षेत्रफळ तेच, ७४. परिमितीचं उत्तर मात्र प्रश्नात काय विचारलं आहे त्यावर ठरतं. फक्त बाहेरची कड विचारली असेल तर ३६, आतल्या भोकाच्या कडेलाही पट्टी लावायची असेल तर त्यात १० मिळवून ४६. इथे मी मुलांना एकच बरोबर उत्तर देत नाही. कोणती कड धरली ते लिहायला लावते.

आता अर्धवर्तुळ. १४ सेमी लांब, १० सेमी रुंद आयत. वरच्या लांबीवर, तिलाच व्यास धरून, बाहेरच्या बाजूने अर्धवर्तुळ. त्रिज्या ७. क्षेत्रफळ १४० अधिक ७७, म्हणजे २१७ चौ. सेमी. परिमितीसाठी चालायला लागा: खालची १४, उजवी १०, मग वळणावरून २२, मग डावी १०. एकूण ५६ सेमी. इथल्या चुका ठरलेल्या असतात. उत्तर ७० आलं तर आतला व्यास मोजला, कारण पुस्तकात तो तुटक रेघेने काढलेला दिसतो. ७८ आलं तर पूर्ण वर्तुळाचा परीघ ४४ घेतला. ९२ आलं तर दोन चुकांचं मिश्रण असतं: पूर्ण वर्तुळाचा परीघ ४४ आणि वर आतला व्यास १४. अशा वेळी उत्तरावर फुली मारून पुढे जाऊ नका. तिने कोणकोणत्या संख्या मिळवल्या ते आकृतीवर बोट ठेवून सांगायला लावा. वाक्य पूर्ण होण्याआधीच बहुतेक मुलं थांबतात.

आणि मग तेच अर्धवर्तुळ आतल्या बाजूला वळवा, म्हणजे आयतातून तेवढा भाग कापून काढा. क्षेत्रफळ १४० वजा ७७, म्हणजे ६३. परिमिती? पुन्हा ५६. चालायची वाट तेवढीच लांब आहे, वळण बाहेर आहे की आत एवढाच फरक. २१७ आणि ६३, आणि कड मात्र सारखी. मला स्वतःला या धड्यातलं हे सगळ्यात देखणं उदाहरण वाटतं.

पायची (π) किंमत कोणती घ्यायची, हे तुमच्या पुस्तकावर आणि दिलेल्या आकड्यांवर अवलंबून आहे. त्रिज्या ७ च्या पटीत असेल तर २२/७ सोयीची, १० किंवा ५ असेल तर ३.१४. फक्त एका गणितात एकच किंमत शेवटपर्यंत वापरायची. आणि २२/७ म्हणजेच पाय, असं मात्र तिला वाटू देऊ नका. आर्किमिडीजने वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती घेऊन, त्यांच्या परिमितींमध्ये परीघ पकडून दाखवलं की पाय ही संख्या ३ पूर्णांक १०/७१ पेक्षा मोठी आणि ३ पूर्णांक १/७ पेक्षा लहान आहे. आपली २२/७ ही त्यातली वरची मर्यादा आहे, म्हणजे खऱ्या किमतीपेक्षा किंचित जास्त.

तिरक्या बाजूंचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे घाई करू नका. समलंब चौकोन घ्या: समांतर बाजू १२ आणि ६, त्यांच्यातलं अंतर ४, दोन्ही तिरक्या बाजू ५. मधे ६ बाय ४ चा आयत आणि दोन्हीकडे पाया ३, उंची ४ असे काटकोन त्रिकोण. क्षेत्रफळ २४ अधिक ६ अधिक ६, म्हणजे ३६. परिमिती १२, ५, ६, ५ मिळून २८. क्षेत्रफळात ४ लागला आणि ५ चा काही उपयोग झाला नाही, परिमितीत ५ लागला आणि ४ कुठेच आला नाही. मुलांना मात्र वाटतं की दिलेला प्रत्येक आकडा वापरलाच पाहिजे. उंची ही आतून जाणारी रेघ आहे, तिच्यावरून आपण चालत नाही, एवढं वाक्य पुरतं. तिरकी बाजू दिलेली नसेल तर पायथागोरसचं प्रमेय लागतं. ते अजून झालं नसेल तर तशी गणितं सध्या बाजूला ठेवा. चौकटींच्या वहीत काम करताना आणखी एक गोष्ट जपा: चौकटीचा कर्ण मुलं १ मोजतात. तो सुमारे १.४१ असतो. फूटपट्टीने मोजून बघू दे तिला. छापील आकृती मात्र फूटपट्टीने मोजू नये, कारण ती प्रमाणात काढलेली असेलच असं नाही.

क्षेत्रफळासाठी तुकडे कसे पाडायचे, याचा नियम मी देत नाही. आकृती जोडल्यासारखी दिसत असेल तर तुकड्यांची बेरीज, चावा घेतल्यासारखी दिसत असेल तर मोठ्या आकृतीतून वजाबाकी. आपल्या ‘एल’मध्ये ८० वजा १२ हा रस्ता सगळ्यात छोटा होता. कोणता काप चांगला? ज्यात दिलेले आकडे जसेच्या तसे वापरता येतात आणि नवीन बाजू कमी काढाव्या लागतात तो. पण सुरुवातीला तिने लांबचा रस्ता घेतला तर घेऊ द्या, आणि मग तीच आकृती दुसऱ्या रीतीने सोडवायला सांगा. दोन्ही उत्तरं जुळली की पडताळा आपोआप झाला, तुम्हाला बरोबर-चूक सांगावंच लागत नाही.

रस्त्याच्या गणितात मात्र वजाबाकीच बरी. २० मीटर बाय १२ मीटरच्या बागेभोवती बाहेरून २ मीटर रुंद रस्ता. बाहेरचा आयत २४ बाय १६, कारण रस्ता दोन्ही बाजूंना आहे. मुलं २२ बाय १४ घेतात. ३८४ वजा २४०, उत्तर १४४ चौ. मी. एखादं हुशार मूल परिमिती ६४ ला रुंदी २ ने गुणून १२८ म्हणतं. ते कौतुकास्पद आहे, फक्त चार कोपऱ्यांचे २ बाय २ चे चौरस राहिले, १६ चौ. मी. ते दाखवा, पण विचार चांगला होता हे आधी सांगा.

तिला पडताळ्याची गोडी लागली तर चौकटींच्या वहीतली एक जादू सांगते. गेऑर्ग पिक या गणितज्ञाने १८९९ साली मांडलेला नियम आहे. आकृतीचे सगळे कोपरे चौकटींच्या छेदनबिंदूंवर असतील आणि तिला भोक नसेल, तर आतले बिंदू मोजा, कडेवरच्या बिंदूंची निम्मी संख्या त्यात मिळवा आणि १ वजा करा. झालं क्षेत्रफळ. आपल्या ‘एल’मध्ये आत ५१ बिंदू, कडेवर ३६. ५१ अधिक १८ वजा १, म्हणजे ६८. परीक्षेत याचा उपयोग नाही, पण मुलं यासाठी आपणहून नव्या आकृत्या काढतात.

एककांबद्दल फार लिहीत नाही. सेमी हे लांबीचं आणि चौ. सेमी हे पृष्ठाचं एकक, हे तिला चालणं आणि झाकणं यातला फरक कळला की बसतं. फक्त १ चौ. मी. म्हणजे १०० नव्हे, १०,००० चौ. सेमी, हे एकदा जमिनीवर कागदाचा मोठा चौरस करून दाखवा.

राहिला रोज किती गणितांचा प्रश्न. हे तिच्या कलावर आहे, पण मी पहिले दोन आठवडे रोज दोनच आकृत्या देते. एका दिवशी दोन्हींची फक्त परिमिती, दुसऱ्या दिवशी त्याच दोन्हींचं फक्त क्षेत्रफळ. दोन्ही एकत्र तिसऱ्या दिवशी, आणि तेही वेगळ्या काढलेल्या दोन आकृत्यांवर: एकीवर कापाच्या रेघा मारायच्या, दुसरीवर एकही रेघ मारायची नाही, फक्त कड रंगवायची. दुसऱ्या आठवड्यात आकृती तिने काढायची, आकडे तिने घालायचे आणि सोडवायचं तुम्ही. मधूनमधून परिमितीत मुद्दाम आतली रेघ मोजा आणि ती तुम्हाला पकडते का ते पाहा.